रद्द झालेल्या हाका

रिमोट बनवणाऱ्या कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं एकच काम केलं. पट्ट्यावरून रिमोट यायचा, तो उचलायचा, समोरच्या डब्यावर रोखायचा आणि एकेक बटण दाबायचं. डब्यावर हिरवा दिवा लागला की पास, लाल लागला की रद्द. रद्द मालाची टोपली तिच्या डाव्या पायाशी असायची. बाकीच्या बायका जेवणाच्या सुट्टीपर्यंतच कंटाळून जात. हिला मात्र त्या टोपलीचंच वेड. साहेबांना विचारून ती दोन-चार रद्द रिमोट घरी न्यायची आणि ते का रद्द झाले ते शोधत बसायची. शिक्षण म्हणाल तर बारावी. पुढचं सगळं बोटांना चटके घेत शिकलेलं.

घरात तिचं नाव ठिणगी. ते सोल्डरिंगवरून, म्हणजे तारांना डाग देऊन जोडण्याच्या कामावरून पडलेलं नव्हतं, स्वभावावरून पडलं होतं आणि ठेवलं होतं थोरल्या बहिणीनं. आईवडील दोन वर्षांच्या अंतरानं गेले; दोघंही उरले नाहीत तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती, ही बारा. ताईनं कॉलेज सोडलं आणि शिलाई मशीन धरलं. गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे तिनं शिवले, उसवले, आणि माणसं जाड झाली की पुन्हा सैल करून दिले. लग्न दोघींचंही झालं नाही. "आधी हिचं होऊ दे," म्हणून ताई थांबली आणि "ताईच्या आधी मी नाही," म्हणून ही अडून बसली. ताई हसून सांगायची, "तू आधी चढ, तू आधी चढ करत दोघींची गाडी सुटली."

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यांच्या मधोमध स्वयंपाकघर. रस्त्याकडची उजेडाची खोली ताईची, मागची ठिणगीची. मागच्या खोलीत टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री, मीटर, तारांची भेंडोळी आणि रिकाम्या बरण्यांमध्ये जातवार लावलेले सुटे भाग. कारखाना बंद पडल्यावर ती इथंच बसून लोकांचे टीव्ही, रिमोट, मिक्सर दुरुस्त करायची. काम नसलं की हौसेखातर काहीतरी जोडत बसायची. मधलं दार उघडं ठेवून दोघी आपापल्या जागेवरून दिवसभर भांडत. आवाज चढवावा लागायचा, कारण एकीचं मशीन खडखडायचं आणि दुसरीचा रेडिओ खरखरायचा.

मग ताईच्या हातून सुईत दोरा जाईना. चष्मा बदलला, तरी जाईना. महिन्याभरात कात्री हातातून पडायला लागली. तपासण्यांचं चक्र फिरलं आणि शेवटी मोठ्या डॉक्टरांनी ठिणगीला बाहेर बोलावून सांगितलं, "हा स्नायूंचा आजार आहे. हात जातील, पाय जातील, मग बोलणं जाईल. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील." ते डोक्याचं त्यांनी धीर म्हणून सांगितलं असावं. ठिणगीला तेच सगळ्यात भयंकर वाटलं.

दोन वर्षांत ताई पलंगाला खिळली. बोलणं जड झालं. ती काय म्हणते ते फक्त ठिणगीला कळायचं, आणि तेही जवळ बसून. मागच्या खोलीपर्यंत हाक पोचेना. टेबल ताईच्या खोलीत आणावं, तर सोल्डरच्या धुरानं ताईला ठसका लागायचा आणि तो ठसका आता थांबता थांबत नसे. सकाळी तासभर अंग पुसायला, कूस बदलायला येणाऱ्या नर्सबाईंनी सुचवलं, "दारावरची बेल असते ना, तसलं बटण लावून द्या उशाशी."

इतकं सोपं काम ठिणगीच्या हौसेला पटलं नाही. तिच्याकडे खोकं भरून रिमोट पडले होते. रिमोटचं रबरी बटण किती मऊ, किती हलकं! ते ताईच्या अंगठ्याखाली ठेवायचं. रिमोटमधून निघणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकतो, आणि तीन पायांचा एक काळा मणी असतो, तो तेवढीच लुकलुक ओळखून बाकीचा उजेड सोडून देतो. हा मणी ताईच्या पायथ्याशी भिंतीवर बसवायचा, शेजारी एक बारीक लाल दिवा लावायचा, म्हणजे मण्याला काही दिसलं की तो लुकलुकेल. तिथून तार स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत न्यायची. तिथं एक छोटं सर्किट आणि बेल. चार दिवसांत सगळं उभं राहिलं.

ताईनं ते पसरलेलं लटांबर पाहिलं आणि जड जिभेनं दोनदा प्रयत्न करून म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड."

"दाबून तर बघ!"

ताईनं दाबलं. मागच्या खोलीत बेल खणखणली. ठिणगी टेबलापासून धावत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "काय हुकूम आहे बाईसाहेब?" त्या दिवशी ताईनं ती दहा-बारा वेळा वाजवली असेल. दहा-बारा वेळा ठिणगी धावत आली.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली म्हणून ती आली, तर ताई गाढ झोपलेली. रिमोट चादरीवर उपडा पडलेला. ती परत जाऊन बसते न बसते तोच पुन्हा बेल.

"नॉईज," ती स्वतःशीच म्हणाली. म्हणजे कुठूनतरी शिरलेला भलताच इशारा. तिच्या चेहऱ्यावर खरं तर आनंद उमटला. असल्या लपलेल्या दोषाच्या मागे लागणं हे तिचं आवडतं काम.

बाजारात सुट्या भागांचं दुकान होतं. त्याचा मालक तिला वीस वर्षं ओळखत होता. तिनं दुखणं सांगताच तो गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "बाई, खोलीत ट्यूब आहे ना? इलेक्ट्रॉनिक चोकची? ती पण लुकलुकते हो. आपल्याला दिसत नाही, मण्याला दिसतं."

खरंच होतं ते. ट्यूब बंद केली की खोट्या बेल निम्म्यावर आल्या. तिनं ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला आणि मण्याभोवती काळ्या कागदाची नळी गुंडाळली, म्हणजे त्याला फक्त पलंग दिसावा. मग तिनं सर्किट मोबाइलच्या चार्जरवरून काढून सेलवर चालवून पाहिलं. खोट्या बेल आणखी कमी झाल्या. म्हणजे चार्जर स्वस्तातला, त्याची वीजच गढूळ. मण्याच्या पायांशी अगदी खेटून शंभर ओहमचा रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटर जोडला. कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. बाहेरून पाणी धक्क्याधक्क्यानं आलं तरी घरातली धार सारखी राहते. त्यानंही बराच फरक पडला. मग ध्यानात आलं की बेल वाजताना स्वतःच एवढी वीज ओढते की मण्याची वीज खाली बसते, त्याला भास होतो आणि तो पुन्हा बेल वाजवतो. बेलला वेगळा चार्जर दिला. एवढं करून दिवसाला पाच-सहा खोट्या बेल उरल्या, त्या मात्र हटेनात.

दरम्यान ताईचं बोलणं पूर्ण बंद झालं. डोळे उरले. एकदा मिटले की हो, उजवीकडून डावीकडे फिरवले की नाही. लांबचं काही सांगायचं असलं तर पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता होता. ठिणगी एकेका अक्षरावरून बोट फिरवायची आणि ताई हव्या त्या अक्षराला डोळे मिटायची. काना-मात्रा, जोडाक्षरं यांना फाटा दिलेला. पहिल्यांदा ताईनं "प-ण" म्हटलं, तेव्हा ठिणगी पाणी घेऊन आली आणि ताई डोळ्यांनी नाही-नाही म्हणत राहिली. तिला "पण" एवढंच म्हणायचं होतं, वाद घालायचा होता. त्यावर दोघी हसल्या. ताईचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलायचे.

बेल वाजली की ठिणगी हातातलं टाकून यायची. "वाजवलंस?"

ताईचे डोळे उजवीकडून डावीकडे जायचे.

"नाही? मग पुन्हा तोच नॉईज. झोप तू." आणि ती पाय आपटत परत जायची. जाताना म्हणायची, "लांडगा आला रे आला झालंय नुसतं. एक दिवस खरा येईल आणि मी उठायची नाही." एकदा तर तापलेली इस्त्री हातात घेऊनच आली, मनगटाला चटका बसला आणि ती त्या मण्याला वाट्टेल ते बोलली. ताई तिच्या मनगटाकडे बघत राहिली.

त्याच दिवशी ठिणगीनं ठरवलं की आता याचा बंदोबस्त करायचाच. सर्किटमध्ये एक छोटी चिप होती, तिला कसं वागायचं ते कॉम्प्युटरवरून लिहून देता यायचं. बटण दाबून धरलं की रिमोट तोच संदेश सेकंदाला आठ-नऊ वेळा पाठवत राहतो. नॉईज तसं करत नाही. तो एकदाच टोचून जातो. म्हणून तिनं लिहिलं, की सलग तीनदा तोच संदेश आला तरच बेल वाजव. त्याहून कमी आला तर वाजवू नकोस, फक्त मोज. त्या मोजणीच्या खात्याला तिनं नाव दिलं, रद्द.

बेल गप्प झाली. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी ती बाजारात गेली ती दुकानदाराला सांगायलाच. "गप्प बसवलं बाई तुम्ही त्याला!" तो म्हणाला. "बसवलं," ती म्हणाली आणि येताना स्वतःसाठी एक नवी इस्त्री घेऊन आली.

अकरा दिवस मागच्या खोलीत तिचं काम झकास चाललं. आठवण झाली की ती ताईकडे डोकावायची, पाणी पाजायची, कूस बदलायची. ताईला आता फारसं काही लागत नाही, असं तिला वाटलं. थोडं वाईटही वाटलं. आजार पुढे सरकतोय, इच्छा कमी होतायत, असा तिनं अर्थ लावला.

बाराव्या दिवशी नर्सबाईंनी ताईला कुशीवर वळवलं आणि त्या थबकल्या. "पाठ बघा. लाल झालीय इथं. काल दुपारी कूस बदलली नाही का?"

"तिनं बेलच नाही वाजवली."

"दुखल्याशिवाय राहिलं नसेल हो हे," नर्सबाई म्हणाल्या. "विचारा तरी."

ठिणगीनं ताईला विचारलं, "दुखत होतं?" ताईनं डोळे मिटले. हो. "मग वाजवली का नाहीस?" या प्रश्नाला हो-नाही हे उत्तर नव्हतं. तक्ता आणायचं मात्र ठिणगीला सुचलं नाही.

दुपारी ठिणगी धुतलेल्या चादरी घेऊन ताईच्या खोलीकडे आली आणि दारातच थांबली. ताईचं तोंड खिडकीकडे होतं, तिला ही दिसत नव्हती. तिचा अंगठा रिमोटच्या बटणावर होता. तो हलला, थरथरला, एक क्षण टेकला आणि घसरला. मण्याशेजारचा लाल दिवा लुकलुकला. एकदाच. मागच्या खोलीत बेल गप्प. ताईनं थोडा दम खाल्ला. अंगठा परत वर चढवायला तिला बराच वेळ लागला. पुन्हा टेकला, पुन्हा घसरला, दिवा पुन्हा एकदाच लुकलुकला. ठिणगी चादरी छातीशी धरून उभी होती. चौथ्यांदा दिवा लागला आणि विझला, तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटला आणि ताईचे डोळे वळले.

दाबून धरायची ताकद त्या अंगठ्यात उरलीच नव्हती. नॉईज एकदाच टोचतो, तशी ताईही आता एकदाच टोचत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसलं काम तिनं स्वतःच्या हातानं, नीट विचार करून, वर त्याचा अभिमान बाळगून केलं होतं.

कूस बदलून, मलम लावून, पाणी पाजून ती मागं गेली. चिप कॉम्प्युटरला जोडली आणि रद्दचं खातं उघडलं. अकरा दिवसांत तीनशे बारा. रोजच्या पाच-सहा नॉईजच्या धरल्या तरी साठ-पासष्ट. बाकीच्या? ती त्या आकड्याकडे बघत बसली. कुठली हाक पाण्याची होती, कुठली पाठीची, कुठली नाकावर बसलेल्या माशीची, हे आता जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकणार नव्हतं. आणि उशाशी दोन तारांचं एक हलकं बटण लावलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, हेही तिला तिथंच, त्या खुर्चीत, लख्ख कळलं. हौस हिची होती. भोगलं ताईनं.

तिनं ती अट पुसून टाकली. एकदा लुकलुकलं तरी बेल. मग तक्ता घेऊन ताईजवळ बसली.

"ताई, एक विचारू? आधी बेल वाजायची, मी यायची, तू नाही म्हणायचीस. ते सगळं नॉईजच होतं ना?"

 ताईनं तक्त्याकडे पाहिलं. ठिणगीचं बोट अक्षरांवरून फिरू लागलं. क. म. न. व. ह. त.

"काम नव्हतं," ठिणगीनं वाचलं. "काम नव्हतं, तरी वाजवायचीस?"

डोळे मिटले. हो.

"मग मी आल्यावर नाही का म्हणायचीस?"

हे उत्तर लांब होतं. ताई मधे दोनदा थांबली. ह. त. त. क. म. अ. स. य. च.

हातात काम असायचं. ठिणगीला आपलं मनगट आठवलं, आपटलेले पाय आठवले.

"आणि नसतं काम, तर?"

ब. स. ल. अ. स. त. स.

बसली असतीस. ठिणगीनं तक्ता खाली ठेवला. ती पलंगाच्या कडेला बसली, ताईचा हात मांडीवर घेतला आणि रडली. ताईनं तिला रडू दिलं. लहानपणीही ती तसंच करायची. गप्प बस म्हणायची नाही, फक्त शेजारी राहायची.

दुसऱ्या दिवसापासून ठिणगीनं दुरुस्तीची कामं घेणं बंद केलं. दारात कोणी मिक्सर घेऊन उभं राहिलं तर सांगायची, "सध्या नाही." खुर्ची ताईच्या खोलीत आली. दिवसभर ती तिथंच असायची. गल्लीतल्या बातम्या सांगायची, अर्ध्या स्वतः रचायची. बंद पडलेल्या कारखान्यातल्या बायकांच्या नकला करायची. ताईचे खांदे हलायचे. तरी स्वयंपाक होता, धुणं होतं, भांडी होती. त्या वेळात बेल वाजायची आणि ती ओल्या हातानं यायची. "वाजवलंस?" असं तिनं पुन्हा कधीही विचारलं नाही. यायची आणि बसायची.

महिन्याभरानं ताईचा अंगठाही थांबला. रिमोट हाताखाली तसाच होता, पण त्याला आता दाबणारं कोणी नव्हतं. बेल मात्र वाजतच राहिली, दिवसाला तीन-चार वेळा. मन शांत असल्यामुळे असेल, ठिणगीला त्याचं कारण एकदा भांडी घासताना सहज सापडलं. स्वयंपाकघरातला फ्रिज खट् करून सुरू झाला आणि पाठोपाठ बेल वाजली. तार फ्रिजच्या मागून गेली होती. फ्रिजची मोटर सुरू होताना तारेत झटका शिरत होता. एवढे दिवस मणी आणि चार्जर यांच्यामागं धावली, तारेकडे बघितलंच नव्हतं.

दुकानदारानं ऐकून लगेच आठ मीटर तार कापली, वरून धातूची जाळी असलेली. "ही टाका बाई. वरच्या जाळीला अर्थिंग द्या. कायमचं मिटेल."

ती तार तिनं घरी आणली आणि बरणीशेजारी गुंडाळून ठेवली. जोडली नाही.

आता वाजणारी प्रत्येक बेल खोटी आहे, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? अधूनमधून फ्रिज सुरू होताना बेल वाजायची. ती हात पुसायची, गॅस बारीक करायची आणि ताईकडे जायची. दारात ती दिसली की ताईचे डोळे उजळायचे. तेव्हा कूस बदलायची वेळ नसे, पाणी पाजायची वेळ नसे. ती बसायची. नर्सबाईंनी एकदा विचारलं, "त्या बेलचा दोष निघाला नाही का अजून?"

"नाही निघाला," ठिणगी म्हणाली.

ताई गेली ती एका सकाळी, नऊ-साडेनऊच्या सुमाराला. बेल वाजली नव्हती. ऊन थेट ताईच्या तोंडावर येत होतं म्हणून ठिणगी पडदा ओढायला आत आली होती. पडदा ओढून वळली, तर ताईचा श्वास बदललेला. अधूनमधून येत होता, मधलं अंतर वाढत होतं. ठिणगी कडेला बसली. हात हातात घेतला. "आहे मी," ती म्हणाली, "काही काम नाहीये मला." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पुढचा श्वास येईल म्हणून बराच वेळ थांबली.

कुणाला कळवण्याआधी तिनं एकच गोष्ट केली. मागच्या खोलीत गेली आणि सर्किटची पिन काढली. माणसं जमल्यावर बेल वाजली असती, तर सगळ्यांच्या देखत ती सवयीनं उठून ताईकडे निघाली असती, हे तिला ठाऊक होतं. मग तिनं शेजारणीचं दार वाजवलं.